संगणकांच्या जाळ्यातील तोतये



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून संगणकांच्या जाळ्याचा इतिहास सांगावा, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि रद्दीच्या भावाने घेतलेल्या पुस्तकांतून. या विषयाकडे आम्ही हौसेने वळलो नाही. एका भगिनीच्या नोकरीवर गदा आली, म्हणून वळणे भाग पडले. ती हकीकत आधी सांगतो. म्हणजे हा इतिहास कशासाठी सांगत आहोत, ते आपल्या ध्यानात येईल.

ही भगिनी एका कचेरीत बिलांच्या टेबलावर कारकून होती. कचेरीचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशा कचेऱ्या गावोगाव आहेत. एके दिवशी तिच्या हाती आरोपपत्र पडले. पगारवाढीची एक गोपनीय यादी कोणीतरी संगणकावरून उघडून बाहेर दिली होती. यादी ज्या यंत्रावर ठेवलेली होती, त्याच्या नोंदवहीत उघडणाऱ्याचा पत्ता उमटला होता, आणि तो पत्ता होता तिच्या टेबलावरील संगणकाचा. वेळ दुपारी सव्वा वाजताची. भगिनी म्हणाली, "दादा, त्या वेळी मी खाली डबा खात होते, आणि यंत्र बंद करून गेले होते." चौकशी अधिकारी म्हणाले, "बाई, माणूस खोटे बोलेल; यंत्राची नोंद कशी खोटी बोलेल?" या प्रश्नावर आम्ही निरुत्तर झालो. आमच्यापाशी तंत्राचे ज्ञान नव्हते.

परंतु आमच्यापाशी एक जुना अनुभव होता. आम्ही ज्या कारखान्यात उमेदवारी केली तेथे फाटकावर पितळी बिल्ले टांगलेले असत. कामगाराने आपला बिल्ला काढून पेटीत टाकला की हजेरी लागे. एखाद्याला उशीर व्हायचा असला की त्याचा सोबती दोन बिल्ले टाकी, आणि टाइम ऑफिसच्या वहीत दोघेही वेळेवर आलेले दिसत. वही खोटी नव्हती. बिल्ला खरोखरच पडला होता. वही फक्त बिल्ल्याची साक्ष देत होती, आणि वाचणारे ती माणसाची साक्ष समजत होते. तेव्हा आमच्या मनात प्रश्न आला: संगणकाचा पत्ता हादेखील एक बिल्लाच तर नसेल? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्हांला गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास चाळावा लागला. तोच आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

प्रारंभ अमेरिकेत होतो. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथे रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिले, आणि एका इमारतीतले संगणक एकाच तारेने जोडण्याच्या कल्पनेला 'इथरनेट' हे नाव दिले. अवकाश भरून राहिलेल्या 'ईथर' नावाच्या द्रव्यावर जुन्या शास्त्रज्ञांचा विश्वास होता. त्यावरून हे नाव आले. मेटकाफ आणि त्यांचे सहकारी डेव्हिड बॉग्ज यांनी १९७६ साली या व्यवस्थेवरचा लेख प्रसिद्ध केला. सुमारे एक किलोमीटर तार आणि तिच्यावर शंभरेक यंत्रे, असा तो प्रयोग होता. या तारेचे वैशिष्ट्य असे की एकाने टाकलेला निरोप सर्वांच्या कानी पडे. ज्याच्या नावाचा असेल त्याने तो उचलावा आणि बाकीच्यांनी सोडून द्यावा, एवढाच शिष्टाचार होता. चाळीतल्या सामाईक गॅलरीत एकाने हाक मारली की सगळी बिऱ्हाडे ऐकतात, पण ज्याचे नाव घेतले तोच 'ओ' देतो, तसाच हा प्रकार.

१९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून इथरनेटचे प्रमाण ठरविले. प्रत्येक यंत्रात जाळ्याला जोडणारे एक कार्ड असते, आणि कारखान्यातून निघतानाच त्या कार्डाला अठ्ठेचाळीस अंशांचा एक पत्ता दिलेला असतो. त्याचा पहिला अर्धा भाग बनविणाऱ्याची खूण असतो आणि दुसरा त्या विशिष्ट नगाची. याला 'मॅक' पत्ता म्हणतात. दुसरा पत्ता 'आय.पी.'चा. तो जन्मतः मिळत नाही. ज्या जाळ्यात यंत्र बसविले जाईल तेथील व्यवस्थापक तो देतात. मॅक पत्ता हा अंगावरचा जन्मखुणेचा डाग म्हणावा, तर आय.पी. पत्ता म्हणजे कचेरीने दिलेला टेबल क्रमांक. टेबल बदलले की क्रमांक बदलतो.

आता अडचण अशी की निरोप पाठविणाऱ्याला टेबल क्रमांक ठाऊक असतो. पण तारेवर निरोप पोहोचवावयाचा तर जन्मखूण लागते. या दोहोंची गाठ कशी घालावयाची? याचे उत्तर नोव्हेंबर १९८२ मध्ये डेव्हिड प्लमर यांनी एका छोट्या लेखात दिले. इंटरनेटचे नियम ज्या लेखमालेत प्रसिद्ध होतात, तिच्यातला हा ८२६ क्रमांकाचा लेख. त्यातील पद्धतीस 'ए.आर.पी.' असे म्हणतात. ज्यांनी न्यायालयाची पायरी चढली आहे त्यांना ती समजावयास वेळ लागणार नाही. शिपाई दारात येऊन पुकारा करतो, 'अमुक अमुक हाजिर है?' गर्दीतून एकजण हात वर करतो. त्याचप्रमाणे संगणक साऱ्या जाळ्यावर पुकारा करतो, 'हा टेबल क्रमांक कोणाचा?' ज्याचा असेल तो उत्तर देतो, 'माझा. आणि माझी जन्मखूण ही.' विचारणारा ती जोडी आपल्या तक्त्यात लिहून ठेवतो आणि पुढचे निरोप त्या जन्मखुणेवर धाडतो.

न्यायालयात निदान पुढे वकील असतो, ओळख पटविणारा असतो. येथे कोणीही नाही. जो 'मी' म्हणेल तोच खरा. एवढेच नव्हे, तर पुकारा झालेला नसतानाही कोणी 'तो मीच' असे ओरडले, आणि त्या क्रमांकाची नोंद तक्त्यात आधीपासून असली, तर यंत्र जुनी जन्मखूण खोडून नवी लिहिते. हा निरोप प्रश्न आहे की उत्तर, हे पाहण्याच्या आधीच ही खाडाखोड करावी, असे मूळ लेखातच सांगितले आहे. प्लमर यांना आपण दोष देऊ नये. १९८२ सालची जाळी विद्यापीठांतली आणि प्रयोगशाळांतली होती. तारेच्या दोन्ही टोकांना एकमेकांना नावाने ओळखणारी माणसे होती. कार्ड बिघडून नवे बसविले की जन्मखूण बदलते. तेव्हा नवी खूण मुकाट्याने मानणे हीच सोय होती. घरच्या माणसांसाठी बांधलेल्या घराला आतल्या दारांना कड्या नसतात. पुढे त्या घराची धर्मशाळा झाली, आणि दारे तशीच राहिली.

असे दार उघडे असले की तोतया यावयाचाच. आपल्या महाराष्ट्राला हे नव्याने सांगावयास नको. १७६१ साली पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन एक इसम पुढे आला, कोकणात त्याच्यामागे फौज उभी राहिली, आणि अखेर १७७६ साली पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. भाऊसाहेब स्वतः समोर उभे राहून 'हा खोटा' असे सांगू शकत नव्हते, हेच त्याचे बळ होते.

संगणकाच्या जाळ्यातही तोतये दोन जातींचे असतात. पहिला गैरहजर माणसाची जागा घेतो. यंत्र बंद असताना त्याचा टेबल क्रमांक आपल्या यंत्राला लावतो आणि त्याच्या नावाने वावरतो. दुसरा अधिक धूर्त. तो दोघांच्या मध्ये उभा राहतो. कारकुनाच्या यंत्राला तो सांगतो, 'राउटर मीच'; राउटर म्हणजे कचेरीच्या जाळ्याची वेस, जिच्यातून सारा पत्रव्यवहार बाहेर जातो. राउटरला तो सांगतो, 'त्या कारकुनाचे यंत्र मीच.' दोघेही आपापल्या तक्त्यात खाडाखोड करतात. मग दोघांमधली पत्रे त्याच्या हातून जातात. तो ती वाचतो, वाटल्यास बदलतो, आणि पुन्हा वाटेला लावतो. पत्रे वेळेवर पोहोचतात, त्यामुळे कोणालाही संशय येत नाही.

या धोक्याची सूचना वेळेवर मिळाली नव्हती असे नाही. १९८९ साली बेल प्रयोगशाळेतील स्टीव्हन बेलोविन यांनी इंटरनेटच्या नियमांतील दुबळ्या जागांवर एक निबंध लिहिला. त्यात स्थानिक जाळ्यावर दुसऱ्याचे सोंग घेण्याचा प्रकार त्यांनी 'क्षुल्लक हल्ल्यां'च्या सदरात घातला. क्षुल्लक म्हणजे ज्यास फारशी बुद्धी लागत नाही असे. पुढे २५ डिसेंबर १९९४ रोजी सान दिएगो येथील त्सुतोमु शिमोमुरा यांच्या संगणकांवर खोट्या पत्त्याने हल्ला झाला. एका यंत्राने दुसऱ्यावर ठेवलेल्या विश्वासाचा त्यात गैरफायदा घेतला होता. हा स्थानिक जाळ्याच्या पुकाऱ्याचा प्रकार नव्हता, परंतु त्याचा सुगावा कसा लागला हे आपल्या विषयाला उपयोगी आहे. त्या यंत्रांच्या नोंदवह्यांची प्रत दुसऱ्या यंत्राकडे जात असे. रोज वाढावयाची नोंदवही एकाएकी आखूड झालेली दिसली, आणि चोरी उघडकीस आली. या प्रकरणाशी नाव जोडले गेलेला केव्हिन मिटनिक १५ फेब्रुवारी १९९५ रोजी पकडला गेला. चोराने वही फाडली होती; वहीची प्रत दुसऱ्याच्या घरी होती म्हणून ते कळले.

त्याच दशकात जुन्या सामाईक तारेची जागा 'स्विच' नावाच्या पेटीने घेतली. स्विच निरोप सर्वांना न ऐकवता ज्याचा त्याच्याच खोबणीत पोहोचवितो. आता चोरून ऐकणे संपले, अशी अनेकांची समजूत झाली. ती फार काळ टिकली नाही. २००० सालच्या सुमारास डग साँग यांनी जाळ्याची तपासणी करण्यासाठी काही साधने प्रसिद्ध केली, त्यांत ए.आर.पी.ची खोटी उत्तरे पाठविण्याचेही एक होते. पाठोपाठ इटलीतून 'एटरकॅप' नावाचे साधन आले. स्विच निरोप पत्त्यावर पोहोचवितो हे खरे. पण पाठविणाऱ्याच्या तक्त्यातच खोटा पत्ता असेल, तर स्विच तरी काय करणार? पोस्टमन प्रामाणिक असून भागत नाही. पाकिटावरचा पत्ता बरोबर असावा लागतो.

आता शोधाकडे वळू. गंमत अशी की शोधाचे बीज प्लमर यांच्या त्याच लेखात आहे. तारेवर कान ठेवून बसणाऱ्या एखाद्या यंत्राने ऐकू येणारी प्रत्येक जोडी तक्त्यात लिहून ठेवावी म्हणजे जाळ्यात कोण आहे ते कळेल, असे त्यांनी निरीक्षणाच्या प्रकरणात लिहिले आहे. हे काम कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९० च्या दशकात 'आर्पवॉच' या साधनाने प्रत्यक्षात आणले. आर्पवॉच म्हणजे फाटकावरचा मुकादम. तो कोणाला अडवीत नाही. फक्त कोणता टेबल क्रमांक कोणत्या जन्मखुणेसह आला ते तारीखवार लिहितो. नवा चेहरा दिसला की व्यवस्थापकाला पत्र धाडतो. ओळखीच्या क्रमांकामागची जन्मखूण बदलली की पत्र धाडतो. आणि बदललेली खूण पुन्हा पूर्वीची झाली, म्हणजे एकच क्रमांक दोघांत हेलकावे खाऊ लागला, की 'उलटापालट' झाल्याचे वेगळे पत्र धाडतो.

याखेरीज शोधाच्या आणखी काही खुणा अनुभवाने ठरल्या आहेत. एकच जन्मखूण दोन टेबल क्रमांकांवर हक्क सांगू लागली, आणि त्यांतला एक राउटरचा असला, तर मध्ये कोणीतरी उभे आहे असा दाट संशय घ्यावा. पुकारा एकही नाही आणि उत्तरांचा मात्र पाऊस, हीदेखील वाईट खूण. कारण तोतयाला आपले खोटे पुन्हा पुन्हा सांगावे लागते, नाही तर खरा मालक बोलताच तक्ता सुधारतो. पाकिटावर पाठविणाऱ्याची एक जन्मखूण आणि आतल्या पत्रात दुसरी, ही तिसरी खूण. आणि संशय आलाच तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे स्वतः पुन्हा पुकारा करणे. एका हाकेला दोन 'ओ' आले, तर दोहोंपैकी एक तोतया किंवा निदान एक चूक आहे. २००८ साली स्टुअर्ट चेशायर यांनी लिहिलेल्या नियमात तर प्रत्येक यंत्राने क्रमांक वापरण्यापूर्वी 'हा कोणी वापरीत आहे काय?' असे आधी विचारावे, असे सांगितले आहे.

हल्लीच्या चांगल्या स्विचमध्ये याच्याही पुढची सोय असते. टेबल क्रमांक कोणाला, कोणत्या खोबणीवर वाटला याची यादी स्विच स्वतः ठेवतो, आणि त्या यादीशी न जुळणारे उत्तर पुढे जाऊच देत नाही. पण ही सोय आपोआप चालू झालेली नसते. कोणीतरी ती चालू करावी लागते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. बदललेली प्रत्येक जोडी म्हणजे चोरी नव्हे. कार्ड बदलले, एक राउटर बंद पडून राखीव राउटर कामाला लागला, पाहुण्याला काल दिलेला क्रमांक आज दुसऱ्याला मिळाला, अशी निरुपद्रवी कारणे पुष्कळ. शिवाय २०१९-२० पासून मोबाईल फोन आपली खासगी हालचाल लपविण्यासाठी जाळ्यागणिक वेगळी जन्मखूण घेऊ लागले आहेत. उलटपक्षी, जन्मखूणही साध्या आज्ञेने बदलता येते. तेव्हा ज्या तोतयाने टेबल क्रमांक आणि जन्मखूण दोन्ही चोरली, तो मुकादमाच्या वहीत खऱ्यासारखाच दिसतो. अशा वेळी तो कोणत्या खोबणीतून बोलला, हे स्विचच्या नोंदीत पाहावे लागते. सारांश, कोणतीही एक वही पुरत नाही. दोन वह्या एकमेकींशी ताडून पाहणारा माणूस लागतो.

आता पुन्हा आमच्या भगिनीकडे येतो. संघाच्या एका तरुण सभासदाने आम्हांला वर सांगितलेले सारे आठ रात्री बसून समजावले. चौकशीच्या पुढच्या तारखेस आम्ही एकच मागणी केली: 'टेबल क्रमांकामागची जन्मखूण दाखवा.' कचेरीचा तंत्रज्ञ मुलगा सरळ मनाचा होता. तो म्हणाला की पूर्वीच्या तंत्रज्ञाने असे एक लक्ष ठेवणारे साधन बसविलेले आहे. त्याची पत्रे एका टपालपेटीत जातात, पण ती पेटी उघडण्याचे काम कोणाकडेच दिलेले नाही. पेटी उघडली. त्यात शेकडो पत्रे साचलेली होती. त्या दिवसाचीही दोन होती. पहिले दुपारी एक वाजून दहा मिनिटांचे: भगिनीच्या टेबल क्रमांकामागची जन्मखूण बदलली. दुसरे पावणेदोनचे: उलटापालट, खूण पूर्ववत. मधल्या पस्तीस मिनिटांत तिच्या नावाने जे यंत्र बोलले, त्याची जन्मखूण कचेरीच्या एकाही यंत्राची नव्हती. कोणीतरी बाहेरचा संगणक आणून जोडला होता.

आरोप मागे घेतला गेला. खरा कोण, ते कळले नाही. कारण स्विचच्या नोंदी तोवर पुसल्या गेल्या होत्या. चौकशी चालू असताना भगिनीची दूरच्या शाखेत बदली झाली होती, ती तशीच राहिली. तिने आम्हांला विचारले, "दादा, माझी निर्दोष असल्याची चिठ्ठी पहिल्या दिवसापासून त्यांच्याच घरात होती ना?" होती. मुकादमाने आपले काम चोख केले होते. वाचणारा नव्हता.

हा प्रश्न एका कचेरीचा नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. आज शाळा, पतपेढी, इस्पितळ, सारीकडे जाळी आहेत. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली दुरुस्ती होऊन दुसऱ्याची ओळख चोरणे आणि संगणकाच्या आधारे तोतयेगिरीने फसविणे हे स्वतंत्र गुन्हे ठरले. ते योग्यच झाले. परंतु आपल्याच राज्यात २००७ साली, तोतया नसतानाही, पत्ता चुकीच्या माणसाशी जोडला गेल्यामुळे एका निरपराध तरुणाला सुमारे पन्नास दिवस येरवड्याच्या तुरुंगात काढावे लागले, हेही आपण विसरू नये.

कामगारांच्या वतीने आमची आणखी एक शंका आहे, ती स्पष्टच बोलतो. मुकादमाची वही दुधारी आहे. कोण केव्हा यंत्राशी बसला आणि केव्हा उठला, हेही तिच्यात दिसते. चोर पकडण्यासाठी बसविलेली वही उद्या कामगाराच्या पाण्याला जाण्याची मिनिटे मोजण्यासाठी उघडली जाईल. म्हणून वही नको, असे आम्ही म्हणणार नाही. वही नसती तर ती भगिनी घरी बसली असती. आमचे म्हणणे एवढेच की वही कशासाठी आहे ते आधी लिहून ठरावे, ती नेमाने वाचण्याचे काम एका जबाबदार माणसाकडे असावे, आणि ज्याच्यावर आरोप येईल त्याला ती पाहण्याचा हक्क असावा. मस्टरवर सही करणाऱ्याला मस्टर पाहता आले पाहिजे, ही मागणी आम्ही फाटकावर केली होती. तीच मागणी येथेही करावयाची आहे.

आपण सर्वजण कोठल्या ना कोठल्या संस्थेचे सभासद, पालक किंवा खातेदार आहात. पुढच्या वार्षिक सभेत हिशेबाबरोबर एक प्रश्न अवश्य विचारा: 'आपल्या जाळ्यावर पहारा आहे काय, आणि त्याची पत्रे कोण उघडतो?' उत्तर देणारे क्षणभर एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले, तर हा प्रश्न विचारणे किती जरूर होते ते आपल्या ध्यानात येईल.